काचेच्या आतला अंगठा

मटिल्डाने केकचा पालथा घातलेला खोका उचलला आणि ती तशीच उभी राहिली. विमान जागेवर होतं. पण कॉकपिटवरची काच, जी काल संध्याकाळी पाण्याच्या थेंबासारखी स्वच्छ होती, ती मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी पांढरी झाली होती. आतल्या दोन खुर्च्या, चमचमत्या कागदातून कापलेले त्यांचे पट्टे, टाचणीच्या टोकाने रंगवलेल्या तबकड्या, काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तिने फडकं ओलं करून काच पुसली. पुन्हा पुसली. पांढरेपणा बाहेरून नव्हताच.

वटारच्या या घरात विमानांची मॉडेलं व्हायची ती दोन माणसांच्या हातांनी. काच नवऱ्याची, व्हिव्हियनची. तो लाकडाचा साचा घासून घासून गुळगुळीत करायचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा चौकटीत धरून गॅसवर तापवायचा आणि तो झोळीसारखा लोंबला की साच्यावर दाबायचा. कॉकपिट मटिल्डाचं. लग्नाच्या केकांवर साखरेची फुलं करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्या बोटांना बारीक काम नवं नव्हतं. दोघांचे गोंदही वेगळे. त्याचा पांढरा, सावकाश वाळणारा. तिचा नळीतला, क्षणात धरणारा. तिची नळी टेबलाच्या त्याच्या बाजूला दिसली, की मेलेली पाल उचलावी तशी तो ती चिमट्याने उचलून परत ठेवायचा. का, ते तिने कधी विचारलं नाही. नवऱ्याच्या हट्टांची कारणं विचारत बसलं तर संसार कधी करायचा? दुसरा हट्ट म्हणजे, काचेला आतून बोट लागता कामा नये. विमानं पाहायला मुलं आली, की आधी सगळ्यांनी हात पाठीमागे बांधायचे, मग पुढे यायचं.

ईस्टरनंतर व्हिव्हियन गेला. हॉस्पिटलात जाण्याआधी त्याने ही शेवटची काच करून मऊ कागदात गुंडाळून ठेवली होती. काल ती बसवताना मटिल्डाचा हात सवयीने आपल्या नळीकडे गेला. वर धूळ बसू नये म्हणून खोका. गोंदाची वाफ रात्रभर आत कोंडून राहिली.

आणि विमान न्यायला आज आत्मारामकाका येणार होते. हवाई दलात जन्म काढलेला माणूस, संध्याकाळी तुळिंजला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन, सगळे पाहुणे हे विमान बघणार.

तिने ब्लेडच्या पातीने काच अलगद सोडवली आणि खिडकीपाशी नेली. उजेडात कळलं की पांढरेपणा सारखा नाही. मधोमध तो दाट होता. रेघा होत्या, एकीत एक गुंफलेल्या. आणि त्यांना तिरका छेद देणारी एक कोरी पट्टी.

मटिल्डा खाली बसली. लग्नाच्या वर्षी वाडीतला फणस कापताना व्हिव्हियनच्या अंगठ्यावर कोयता बसला होता. ती जखम तिने स्वतः बांधली होती; व्रण असाच तिरका राहिला होता.

गोंदाची ती वाफ घामाच्या, तेलाच्या खुणेवर आधी धरते. बोट टेकलं असेल तिथे रेघ न् रेघ उठते. मटिल्डाला हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की काचेला जन्मात आतून बोट न लावणाऱ्या माणसाने शेवटच्या काचेत अख्खा अंगठा रोवला होता. ही काच केली त्या दिवशी, उजेड अडवू नकोस म्हणून त्याने तिला खोलीबाहेर घालवलं होतं. ती रागावून बाहेर भांडी घासत बसली होती.

म्हणजे त्याचे हात थरथरत होते. तेव्हापासूनच. आणि तिला दिसू दिलं नव्हतं.

फाटकाशी रिक्षा थांबली. आत्मारामकाकांच्या मागून त्यांची मुलगी वसुंधरा आली. रिक्षावाल्याने निर्मळच्या तळ्याला दोनदा वळसा कसा घातला, ते तिने आत येता येता सांगून टाकलं.

"काय मॅडम, विमान उडालं की आहे अजून?" काका म्हणाले.

काच बिघडली, माफ करा, असं मटिल्डा कसंबसं बोलली. काकांनी ती कडांना धरून उचलली, कॉकपिटवर ठेवली आणि वाकून मधल्या रेघांकडे पाहिलं.

"हीच पाहिजे मला."

"बाबा, अहो आतलं काहीच दिसत नाहीये."

"नाहीच दिसायचं. आसामला थंडीत पहाटे विमानाची काच वाफेने आतबाहेर अशीच पांढरी व्हायची. मी बाहेरून पुसायचो. आतला पोरगा पट्टे आवळून झाले की आतून अंगठा टेकवायचा. म्हणजे तयार. एक जण परत आला नाही. त्याचा अंगठाच शेवटचा पाहिला मी."

वसुंधरा वडिलांकडे पाहतच राहिली. हे घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

मटिल्डाला हो म्हणता आलं असतं. विमान त्यांचंच होतं. वर्षभर त्यांनी वाट पाहिली होती.

"काका, तो अंगठा आमच्या व्हिव्हियनचा आहे," ती म्हणाली.

काकांनी काच उचलली, फडक्यावर ठेवली, अंडं ठेवावं तशी. मग विचारलं, "साचा आहे?"

"आहे. पण मी कधी केली नाही काच."

"करा. बसतो मी."

संध्याकाळी माणसं येणार आहेत, हॉलवाल्याचा फोन येतोय, असं वसुंधरा पुटपुटली.

"येतील, जेवतील, जातील," काका म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

पहिल्या पत्र्याला भोक पडलं. दुसरा चुरगळला. तिसरा लोंबला तेव्हा मटिल्डाने श्वास धरून तो साच्यावर दाबला आणि गार होईपर्यंत हात हलवला नाही. कडा कापून तिने काच खिडकीशी धरली. वाडीतल्या केळी तिच्यातून सरळ दिसल्या. फक्त टोकाला जरा लाट होती.

"झालं. बघ रे," ती म्हणाली, गॅसजवळच्या व्हिव्हियनच्या स्टुलाकडे वळून.

स्टुलावर कुणी नव्हतं.

वसुंधरा काही बोलणार होती; काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. मटिल्डा वळून "काका" म्हणेपर्यंत ते मान खाली घालून फरशीकडे पाहत राहिले.