पाहुण्यापुरतं दूध

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी उत्तर केनियातल्या आमच्या हारो डिडा गावात तीस घरांत जाऊन तेच ते एकोणीस प्रश्न विचारते. पाणी किती लांब, गुरं कुठे चरतात, काल घरात दूध किती झालं. पोरांच्या दंडाला पट्टी लावून माप घेते. फोनमध्ये भरलेलं हे सगळं मार्साबितच्या दुष्काळ कार्यालयात जातं आणि तिथला नकाशा आमच्या गावाला एक रंग देतो. हिरवा म्हणजे बरं चाललंय, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे चारा आणि पाण्याचे टँकर पाठवा. दुष्काळ दारात यायच्या आधी कळावा म्हणून ही सगळी खटपट. हे काम मला मिळालं, कारण मी शाळा शिकलेली आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला लहानपणापासूनच सवय.

त्या वर्षी लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, तरी आम्ही आपले हिरवे. उपग्रहालाही आम्ही हिरवेच दिसत होतो, कारण गावाभोवती वेडी बाभूळ माजलेली. गाय तिच्या पाल्याला तोंड लावत नाही हे आकाशातून बघणाऱ्याला कोण सांगणार? आणि माझा फॉर्म? तोही हिरवागार. तीसच्या तीस घरांत दूध होतं, मी स्वतः प्यायले होते. गाईंच्या बरगड्या मला दिसत होत्या, पण फॉर्ममध्ये मालकाला विचारायचं असतं, गुरं कशी आहेत. आपल्या गुरांबद्दल वाईट बोलणारा माणूस आमच्या बोराना जमातीत अजून जन्माला यायचाय. सगळे म्हणाले, छान आहेत. मी लिहिलं, छान.

आता माझ्या नाकाबद्दल. आमच्याकडे दुधाच्या विणलेल्या भांड्याला निखाऱ्यांची धुरी देतात. प्रत्येक घराचं लाकूड वेगळं, प्रत्येकीचा हात वेगळा. डोळे बांधून दूध पाजलंत तरी ते कुणाच्या घरचं ते मी सांगेन. त्या सोमवारी चौथ्या घरात घोट घेतला आणि कप तोंडाशीच राहिला. चारही घरांत एकच धूर. वारिओची बायको गुमातो निखारे नेहमी जास्त वेळ ठेवते, तिचं दूध जरा करपट लागतं. चारही घरांत तेच करपट दूध.

मी पाचव्या घरात शिरायच्या ऐवजी मागच्या बाजूला गेले. वर्षभर गुडघ्यांचं रडगाणं गाणारी गुमातो ओढणीखाली भांडं धरून भर उन्हात सहाव्या घराकडे धावत होती. मला पाहून थांबली, धापा टाकत हसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. गावभरात दूध देणारी तिची एकच सांडणी उरली होती; मागच्या महिन्यापर्यंत आणखी दोघी-तिघींच्या होत्या, म्हणून धूर वेगवेगळा लागायचा. गाई तीन महिन्यांपूर्वीच आटल्या होत्या. मी आले की दूध माझ्यापुढे पळत असे.

मी तडक लोको आजीकडे गेले. ती माझ्या आईची मावशी, आणि गावात तिचा शब्द चालतो.

"आजी, तुझ्या घरात दूध कधीपासून नाही?"

"सकाळी प्यायलीस की इथेच."

"ते गुमातोचं होतं."

"मग काय झालं? पाहुण्याला नाही म्हणू?"

"मी कसली पाहुणी गं? तुझ्या मांडीवर वाढलेय मी."

"फोन काढलास की तू पाहुणी. त्या फोनच्या मागे मार्साबितचे साहेब बसलेत. त्यांना सांगू, लोकोच्या घरात दुधाचा थेंब नाही म्हणून?"

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. दुष्काळाची खबर द्यायची नोकरी माझी, आणि तीन महिने मी तोच दुष्काळ कपाकपानं पीत बसले होते. मागच्या दुष्काळात चारा आला तेव्हा गुरं आधीच खाली बसली होती, आणि भुकेनं बसलेली गाय चारा समोर टाकला तरी उठत नाही. त्या वर्षी आजीच्या बारा गाई गेल्या, तिनं महिनाभर सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. या वेळी गुरं अजून उभी होती. पण फार दिवस राहणार नव्हती.

मी फॉर्म नव्याने भरला. दूध, तीस घरांत मिळून, एका सांडणीचं. कार्यालयातून उत्तर आलं की उपग्रह हिरवा म्हणतोय, आधीचे तीन फॉर्मही हिरवे म्हणतायत, तेव्हा इसाको साहेब गुरुवारी स्वतः येऊन खात्री करतील.

झालं का आता! म्हणजे पाहुणा. तोही खराखुरा, गाडीतून उतरणारा.

मी सगळ्या बायकांना बाभळीखाली बसवलं आणि हात जोडले. साहेबांना कुणीही दूध द्यायचं नाही.  गुमातो म्हणाली, एक कप देऊ, एवढासा. मी म्हटलं, तो एवढासा कपच तो लिहून नेईल. आजीचा भाऊ जार्सो लांबून म्हणाला की त्यापेक्षा गुरुवारी तुम्ही बायकांनीच कुठेतरी लपून बसा. आजी हसली नाही. पाहुणा आधी माझ्या घरी येईल, माझं मी बघेन, एवढंच बोलून ती उठली.

गुरुवारी मी साहेबांना घेऊन तिच्या दारात गेले. चुलीवर चहा उकळत होता आणि शेजारी गुमातोचं भांडं ठेवलेलं होतं, काठोकाठ भरलेलं.  इसाको साहेब तिपाईवर बसले, फोन काढला. आजीनं भांडं उचललं, क्षणभर हातात धरलं आणि आपल्या पाठीमागे ठेवून दिलं. मग कपात कोरा, काळा चहा ओतला. अर्धा बशीतच सांडला.

"दूध नाही," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मला रडू आवरेना, मी बाहेर बघत राहिले.

साहेब गाब्रा जमातीचे, उंटवाल्यांच्या घरातले. त्यांनी कप दोन्ही हातांनी घेतला. एकही प्रश्न विचारला नाही. चहा हळूहळू संपवला, बशीतलाही, आणि फोन खिशात ठेवला.

"माझ्या आईनं पाहुण्याला असा चहा एकदाच दिला होता," ते म्हणाले. "त्या वर्षी आमचा एकही उंट वाचला नाही."

मग बाहेर जाऊन ते आजीच्या गाईंपाशी उभे राहिले आणि तिथूनच फोन लावला. हारो डिडाचा रंग बदला, महिनाअखेरीला नाही, आज.

चारा नवव्या दिवशी आला. तोवर दोन गाई गेल्या, बाकीची गुरं तगली. आजी तिच्या तांबड्या गाईपुढे गवताची पेंढी सोडत होती. त्या गुरुवारनंतर ती माझ्याशी बोलली नव्हती, तेव्हाही तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी पाहुण्याला काळा चहा दिला, ते तू लिहिलंस?"

"लिहिलं. सगळ्यात वर."

"खोडून टाक."

"आता कसं खोडू, आजी? ते नैरोबीपर्यंत गेलं."

तिचा हात थांबला. "नैरोबीपर्यंत," ती पुटपुटली, गाईच्या पायाशी खाली बसली आणि ओढणीनं तोंड झाकून घेतलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण तिच्या डोक्याशी तांबडी गाय उभ्यानं गवत खात होती, आणि खोडता आलं असतं तरी मी त्यातलं एक अक्षर खोडलं नसतं.