अकरावी टोपी

सुतारकाम सोडून दहा वर्षं झाली तरी बाबांच्या कानामागची पेन्सिल काही सुटली नव्हती. सकाळी आठला ते लेकीच्या प्रयोगशाळेत हजर झाले, हातात अळंब्यांची टोपली.

"घे तुझा वाटा. माझा काल रात्रीच फस्त झाला."

लाकडाच्या वखारीमागे एक कुजका ओंडका पडला होता, त्यावरची ही अळंबी. गेल्या महिन्यात बाबांनी तिथलीच एक आणून दाखवली होती. लेकीने मायक्रोस्कोपखाली तिचे बीजाणू पाहिले, ते गुळगुळीत निघाले, आणि बाईसाहेबांनी सांगून टाकलं, "खा खुशाल." शितावरून भाताची परीक्षा! पण भात एका पातेल्यात शिजतो, अळंब्यांचं तसं नसतं.

"एवढी सगळी ओंडक्याच्या त्याच बाजूची?" तिने विचारलं.

"छे, ती बाजू संपली. ही पलीकडची. बघ, देठ कसे तासून आणलेत!"

तिने एक अळंबी उचलून देठ निरखला. त्याच लाकडावर या अळंबीची एक विषारी जुळी बहीण उगवते. रंग तोच, उंची तीच. देठावरचे खवले पाहून थोडा अंदाज येतो, पण इथे सुताराच्या सवयीने ते साफ तासले गेले होते. आता खात्री फक्त बीजाणूंवरून होणार होती. विषारणीचे बीजाणू खरबरीत असतात. ती पोटात गेली की यकृत निकामी करते, आणि उपचाराला उशीर झाला तर माणूस हातचा जातो.

"बाबा, बसा जरा," ती म्हणाली आणि तिने चिमटा उचलला.

टोपीखालच्या पाकळीचा कण, पाण्याचा थेंब, वर पातळ काच, त्यावर तेलाचा ठिपका. पहिली टोपी गुळगुळीत, दुसरीही. पाचवीपर्यंत तिच्या मानेला रग लागली.

"काय मास्तरीणबाई, किती पास झाले?" बाबांनी विचारलं.

"बोलू नका हो!"

बाबा मुकाट्याने उठून बाहेर गेले आणि तोंड धुऊन आले. आठव्या टोपीच्या वेळी पुन्हा गेले. तिचा डोळा भिंगाला चिकटलेला, तिला पत्ताच नाही.

दहावीही गुळगुळीत निघाली. तिला हायसं वाटलं, पुरे करावं असंही वाटलं. पण गेल्या महिन्यात असंच वाटलं होतं. तिने अकरावी घेतली.

ते बीजाणू सँडपेपरसारखे खरबरीत होते. तिने पुन्हा फोकस केला, तरी खरबरीतच.

"बाबा, पोट ठीक आहे ना?"

"ठणठणीत!"

पण त्यांची कॉलर ओली होती आणि ओठ सुकले होते. तिने चिमटा खाली ठेवला.

"पहाटे चारपासून उलट्या सुरू आहेत," बाबा खाली बघत म्हणाले. "म्हणून तर टोपली आणली. आधी सांगितलं असतं तर तुझे हात थरथरले असते."

तिने त्यांचा दंड धरला आणि टोपलीसकट त्यांना हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता विचारलं, "ही खायची असते असं कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मीच," बाबा पटकन म्हणाले. "जन्म लाकडात गेला, वाटलं आपल्याला कळतं." चादरीखालून त्यांनी लेकीचा हात घट्ट दाबला.

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "मी सांगितलं. एकच टोपी बघून."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि त्या रक्ताच्या नळ्या घेऊन गेल्या. बाबा रागावले. "गप्प बसायला काय घेतेस गं तू?" मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

"सांभाळ. घरी जाताना दे. जाईन ना गं घरी?"

"खा खुशाल" म्हणायला तिला एक क्षण लागला नव्हता. आता तिने पेन्सिल मुठीत आवळली.

"सगळे रिपोर्ट येऊ देत, बाबा. एकूण एक बघून सांगते."