डावखुरा धक्का

पैज अशी लागली की हरणाऱ्यानं पाठीवर बटाट्यांचं पोतं घेऊन, चार पायांवर, बिल्डिंगच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं. तेही दिवसाढवळ्या. अट अर्थातच माझी. समोर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी होत्या, आणि हरायचं त्यांनी, असा माझा हिशोब.

वहिनी रोबो बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. त्यांचा रोबो म्हणजे चार पायांचं, बिनडोक्याचं, बोकडाएवढं जनावर. मोठी ऑर्डर लष्कराची: डोंगरावर सामान वाहायचं, पुढेमागे पाठीवर बंदूकही बसवायची. वहिनींना त्याच पाठीवर खुर्ची बसवायची होती. कारण घरात सासरे. गुडघे गेलेले, अंगानं भरभक्कम, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर आम्ही चौघं शेजारी काकांना खुर्चीसकट उचलायचो. मागच्या खेपेला वळणावर खुर्ची निसटली, काका कठड्याला लोंबकळले, आणि त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत.

"आमचं जनावर ओझ्यासकट जिन्यात उभं राहील, भाऊजी. तुम्ही ढकललंत तरी. फक्त आमचे साहेब तपासायला येतील तोवर मुदत द्या," वहिनी म्हणाल्या.

हे कुणाला म्हणाल्या? ज्यानं सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच्याच सहीची नोटीस दाखवून, नळाला पाणी येत असताना पाणी बंद आहे असं पटवलं होतं, त्याला.

पहिल्याच रविवारी मी खांदा लावला. जनावर, खुर्ची आणि काकांच्या वजनाची वाळूची पोती, सगळं गडगडत खालच्या वळणावर. पोरांनी टाळ्या पिटल्या. वहिनींनी पायरीवर बसून माझा खांदा निरखला. मग म्हणाल्या, "तुम्ही डावखुरे ना?"

"जन्मापासून."

"तरीच. कारखान्यात ढकलणारे आम्ही सगळे उजव्या हाताचे. धक्का एकाच बाजूनं येतो असं समजून बसलंय ते." त्यांनी पोती गोळा करायला घेतली. "परत ढकला."

मग दर रविवारी तेच. मी ओलं पायपुसणं टाकलं, मागचे पाय सुतळीनं बांधले, छत्रीनं ढोसलं. ते पडायचं, त्या उचलायच्या, आठवडाभर कारखान्यात डोकं घालायच्या आणि परत घेऊन यायच्या. आमची बायको म्हणाली, "एका बाईची मेहनत जिन्यावरून लोटून देताय, पोटात घास कसा जातो तुमच्या?" घास जात होता. पण ते पडेनासं व्हायला लागलं, तशी गंमत जरा कमी झाली खरी.

आणि मग त्यांच्या साहेबांचा निरोप आला. रविवारी स्वतः बघायला येतो. उभं राहिलं तर ठीक, पडलं तर खुर्ची बंद आणि सगळी माणसं लष्कराच्या कामावर.

त्या सकाळी मी वर गेलो. वहिनी खुर्चीचे बोल्ट आवळत होत्या.

"वहिनी, पैज रद्द समजा. मी असा ढकलतो की साहेबांना वाटावं भिंत पडली, पण आत हवा नुसती. नाटक माझ्यावर सोडा."

त्यांनी पाना खाली ठेवला नाही. "उद्या ह्या खुर्चीत बाबा बसणार. जिन्यातून धावत येणारा माणूस नाटकातला धक्का देणार आहे का?"

"आणि पडलं तर?"

"तर ते आज कळू दे. वाळू सांडेल, बाबा नाही." मग माझ्याकडे बघून, "हळू ढकललंत तर मला समजेल, भाऊजी. मग आपलं बोलणं बंद."

आता काय करता. साहेब खालच्या वळणावर हाताची घडी घालून उभे. मी वरून चार पायऱ्या धावत आलो आणि होता नव्हता तेवढा जीव डाव्या खांद्यात घातला. मागचा पाय सटकला. खुर्ची कठड्यावर आपटली, पोती कलली. जनावरानं पोट पायरीला लावलं, पुढच्या पायानं टक टक करत कड शोधली, चारही पाय फाकवले आणि तसंच थरथरत उभं राहिलं. बसलो तो मी, दोन पायऱ्या खाली.

"परत," साहेब म्हणाले.

परत ढकललं. मग ओल्या पायपुसण्यावरून ढकललं. माझा खांदा दुखायला लागला तेव्हा साहेबांनी हाताची घडी सोडली. "खुर्ची काढू नका. पुढच्या महिन्यात अग्निशमन दलाच्या लोकांना बोलावतो. लष्कराचं काम दुसरी टीम बघेल."

पायरीवर बसून वहिनींनी पदरानं जनावराचा पाय पुसला, तोच पाय परत पुसला. मग वर बघून म्हणाल्या, "बटाटे आणलेत का, भाऊजी?"

बायकोनं आणले होते. मोठं पोतं, उत्साहानं.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काका ओरडले, "सूनबाई, मला त्या खुर्चीतून खाली ने, जवळून बघतो."

"अजून माणूस नाही, बाबा. अजून बरीच वाळू."

"बरं. मग त्या डावखुऱ्याला सावकाश चालायला सांग, इथून नीट दिसलं पाहिजे."

पोतं पाठीवर बांधून मी गेटबाहेर आलो. दोन्ही बाजूंना अख्खी गल्ली, सेक्रेटरी सगळ्यात पुढे, हातात मोबाईल. मी हात टेकले, गुडघे टेकले.

"गुडघे नाही," वहिनी शेजारून चालत म्हणाल्या. "आमचं जनावर टेकत नाही."

मग काय, ढुंगण वर केलं आणि निघालो.