लीलाबाईंचे ससे

पौडच्या अलीकडच्या गावात डॉक्टर लीलाबाईंनी दवाखान्यामागच्या खोपटात ससे आणून ठेवले, तेव्हा गावाला वाटलं, बाई विकायला पाळतायत. खरं काय ते रत्नाबाईला ठाऊक होतं, कारण चारापाणी तिच्याकडे होतं. बाळंतपणानंतर गर्भाशयात पू होऊन बाया तापानं जायच्या. तोच ताप सशांत आणून, पेनिसिलीन कधी दिलं तर जीव वाचतो, हे लीलाबाई बघत होत्या. व्यालेली मादी रत्नाबाईनं धरायची आणि बाईंनी तिच्या गर्भाशयात जंतू सोडायचे. काहींना औषध लगेच मिळे, काहींना उशिरा, काहींना मुळीच नाही.

रत्नाबाईची थोरली बहीण अशाच तापानं गेली होती. म्हणून तर मन घट्ट करून ती हे काम करत होती. पण माघात एक तांबडी मादी व्याली. पोटाची लव उपटून तिनं पिल्लांना अंथरूण केलं होतं. ती बिनऔषधाच्यांत होती. दोन दिवसांत तिनं घास सोडला, कान तापले, अंगाला कुबट वास येऊ लागला.

"बाई, हिला सुई द्या की."

"नाही देता येत, रत्नाबाई. औषधाशिवाय काय होतं ते कळलं नाही, तर औषधाचा गुण कसा कळणार?"

"म्हंजी हिनं मरायचंच?"

लीलाबाईंनी मान खाली घातली. "बहुतेक."

मादी मेली. रत्नाबाईनं तिची पिल्लं दुसरीच्या कुशीत सरकवली, हात धुतले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही, नंतरही नाही.

पुढं आळीतल्या धोंडाबाईची सून कमळ बाळंत झाली. रत्नाबाई बाळ बघायला गेली, तर कमळ भिंतीकडं तोंड करून पडलेली. बाळ रडत होतं, तिचं लक्ष नव्हतं. रत्नाबाई जवळ बसली आणि तो वास तिच्या नाकात गेला.

"धोंडाबाई, हिला दवाखान्यात न्या."

"दूध उतरताना येतोच ताप. तू काय डाक्टरीण हायेस व्हय?"

"न्हाई. पर ह्यो वास मी वळखते. माझ्या भणीला बी आला हुता."

धोंडाबाई पुटपुटत राहिली, पण कमळच्या नवऱ्यानं, भैरूनं, गाडी जुंपली. बाळाला घेऊन रत्नाबाईही बसली. दारात रत्नाबाईला बघून लीलाबाई एवढंच म्हणाल्या, "आधी हिला आत घ्या."

कमळचा ताप उतरला तरी त्यांनी सुया चालू ठेवल्या. धोंडाबाई घरी न्यायची घाई करू लागली, तेव्हा म्हणाल्या, "औषध उशिरा सुरू झालंय. लवकर थांबवलं की ताप उलटतो. सशांत बघितलंय मी."

एका सकाळी कमळनं पेज मागितली आणि बाळाला जवळ ओढलं. रत्नाबाई बाहेर येऊन पायरीवर बसली. लीलाबाई शेजारी टेकल्या.

"मी येते कामाला," रत्नाबाई म्हणाली. "पर जिला औषध द्यायचं न्हाई, तिला मी धरणार न्हाई."

"बरं. तिला मी धरीन."

पुढच्याच वेळी एका हातानं मादी धरून दुसऱ्यानं जंतू सोडताना लीलाबाईंचं मनगट ओरबाडलं गेलं. रत्नाबाईनं आयोडीनची बाटली आणली, कापसानं जखम पुसली आणि चारा टाकायला गेली.