उजव्या बाजूची पायरी

"वाटाणे!" आर्डिस एकदम म्हणाली. "मघापासून आठवतेय मी. वाटाणे न खाणारा लॅनी तो तूच!"

लॅनी ट्रकचं बॉनेट एका हाताने वर धरून उभा होता. त्याचं डोकं आता गुळगुळीत झालं होतं, पोट पट्ट्यावरून खाली आलं होतं, आणि शर्टाच्या खिशावर गाड्यांच्या दुकानाचं नाव शिवलेलं होतं.

"खायचो की मी, हाउगेनबाई."

"खायचास? शाळेत मी वाढलेले वाटाणे दुधाच्या रिकाम्या खोक्यात भरायचास आणि वरून दाबून बंद करायचास. जड खोकं आणि हलकं खोकं कळत नाही होय मला?"

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुझे आईबाप वेगळे झाले होते तेव्हा. म्हटलं, त्यात आणखी वाटाण्यांवरून नको."

लॅनी हसला, पण जरा उशिरा. मग तो इंजिनाकडे वळला आणि तिच्या नवऱ्याला, वेंडेलला म्हणाला, "तर हे असं आहे. डिझेल. तुमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीच्या दुप्पट जोर. चढावर कण्हणार नाही, कुंथणार नाही."

वेंडेल इंजिनाकडे पाहत राहिला. चार महिने तो ह्या इंजिनाबद्दल लोकांना विचारत होता. सकाळी कॉफीच्या टेबलावर तीन माणसांची तीन मतं ऐकून, चौथं मत घेऊन घरी यायचा आणि आर्डिसला सांगायचा. आता ते समोर होतं आणि ते नुसतं लोखंड होतं. हात लावून पाहिला तर बोटांत काही जाणवत नव्हतं, पण त्याचं नवल नव्हतं. आयुष्यभर त्याने काउंटीचा ग्रेडर चालवला होता. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सारखे करायचे, हिवाळ्यात त्याच रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा. त्या थरथरीने बोटांची टोकं केव्हाच बधिर झाली होती. आज ते बधिरपण मनगटावरून, खांद्यावरून चढत आणखी आत कुठेतरी गेलं होतं, एवढंच.

सकाळी ते दोघं सू फॉल्सच्या इस्पितळात होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं, आर्डिसला औषधांचा उपयोग होत नाहीये म्हणून सांगितलं, आणि पुढे काय होईल तेही सांगितलं. पुढच्या उन्हाळ्याचं नाव काढणं त्यांनी टाळलं. वेंडेल त्यांच्या टेबलावरच्या कुंडीकडे बघत होता. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं आणि तरी कुणीतरी त्याला पाणी घातलं होतं. आर्डिसने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मीठ खाल्लं तर चालेल आता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवडेल ते खा."

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता आर्डिस म्हणाली, "आवडेल ते खा म्हणाले की समजायचं."

 दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं होती, माना टाकलेली, काळी पडलेली, कापणीला आलेली. मिचेल गावाच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, "लॅनीकडे जायचंय ना आपल्याला आज?"

"आता कशाला?"

"ठरलंय ना."

"आर्डिस..."

"ग्वेनला मी फोनवर नाही सांगणार, वेंडेल. तिच्या दारात जाऊन सांगणार आहे."

ग्वेन त्यांची एकुलती एक मुलगी, स्पोकेनला राहणारी. मध्ये सगळे डोंगर. विमानाने जाऊ, असं वेंडेल म्हणाला तर आर्डिस म्हणाली, "विमानात माझं अंथरूण नसतं. ट्रेलरमध्ये माझं अंथरूण आहे, माझी चूल आहे, आणि चार पावलांवर संडास आहे. ऑक्टोबर लागला की निघायचं. घाटात बर्फ पडायच्या आत."

ट्रेलर घेऊन वर्ष झालं होतं. झोपायला खोली, जेवायला टेबल, खिडकीला आर्डिसने शिवलेले पडदे. पण तो ओढायला जुनी पेट्रोलची गाडी पुरी पडेना. मागच्या वर्षी ब्लॅक हिल्सच्या पहिल्याच मोठ्या चढावर तिने मान टाकली. वाफेचा लोट आला. मदतीला ओढगाडी येईपर्यंत आर्डिसने रस्त्याच्या कडेला, ट्रेलरमध्ये उभं राहून पॅनकेक केले, आणि ओढगाडीवाला आला तेव्हा त्यालाही बसवून खाऊ घातले. तेवढीच काय ती त्यांची सहल.

"आता बघा," लॅनी सांगत होता, "तुमच्यापुढे तीन गाड्या आहेत. ही पहिली, जरा लहान. ओढेल सगळं, पण हे वाचा." त्याने दार उघडून कडेला चिकटवलेला पिवळा कागद दाखवला. "किती ओढते ते सगळे विचारतात. पाठीवर किती पेलते ते कुणी विचारत नाही. ट्रेलरचं नाक हिच्या पाठीवर बसणार. त्यात तुम्ही दोघं, पाणी, सामान. डिझेलचं इंजिन मुळातच जड, ते आधीच वाटा खाऊन बसलेलं. ही भरून जाईल."

"मग मोठी," वेंडेल म्हणाला. आपलाच आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

"मोठ्या दोन आहेत. एक साधी, आणि एक मागे चार चाकांची. वाऱ्याला ती चार चाकांची बरी. आपल्याकडचा वारा तुम्हाला मी काय सांगू? दहा वर्षं दुसऱ्या गाडीकडे बघणार नाही तुम्ही."

"ह्याला दहा वर्षं पुरली म्हणजे झालं," आर्डिस म्हणाली.

लॅनीने मान डोलावली. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कोपराच्या आतल्या बाजूला, बाहीखालून, कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी दिसत होती. 

त्याने आवारातला एक ट्रेलर साध्या मोठ्या ट्रकला जोडून दिला आणि किल्ली वेंडेलच्या हातात ठेवली. "तुम्ही दोघंच जाऊन या. नदीपलीकडचा चढ चढून बघा. ग्रेडर चालवलेल्या माणसाला मी काय शिकवणार!"

आर्डिसने उजव्या बाजूचं दार उघडलं. आतला तळ तिच्या मांडीच्या उंचीला होता. तिने दांडा धरला, पाय उचलला, तो पोचला नाही. परत उचलला. शाळेच्या भटारखान्यात सूपची भरलेली भांडी एकटीने उतरवणारी बाई होती ती. लॅनी चटकन बॉनेटकडे बघायला लागला. वेंडेल पलीकडून आला, त्याने दोन्ही हात तिच्या काखेखाली घातले आणि तिला वर बसवलं. काहीच वजन लागलं नाही. एवढंच त्याच्या लक्षात आलं, आणि मग तो आपल्या बाजूला जाऊन बसला.

मिसुरीवरचा पूल लांबच लांब आहे. वाऱ्याने पाण्यावर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. पूल संपला आणि चढ लागला. ट्रकने आवाज जरासा खाली नेला आणि ट्रेलरसकट सरळ वर निघाला. मागे काही जोडलंय हे कळतसुद्धा नव्हतं.

"बघ," आर्डिस म्हणाली. "कण्हत नाही."

"हं."

"तुला आवडली का?"

"बरी आहे."

"चार महिने डोकं खाल्लंस माझं, आणि आता बरी आहे?"

वरती पहिल्या फाट्याला त्याने गाडी वळवली आणि ते परत उतरायला लागले. उतारासाठी लॅनीने सांगितलेलं बटण त्याने दाबलं. इंजिन घुमलं आणि ट्रेलर मागून ढकलत असूनही गाडी जागच्या जागी धरल्यासारखी हळू झाली. त्याचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. खाली नदी, नदीच्या पलीकडे गाव, धान्याच्या कोठ्या.

"ती चार चाकांची नको," आर्डिस म्हणाली.

"वाऱ्यात बरी असते."

"गॅरेजात मावत नाही. बाहेर ठेवावी लागेल. मग तू बर्फ झाडायला आळस करशील, आणि मग महिनामहिना कुठं जाणारच नाहीस." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला माहीत आहे तू काय करशील ते. डबे उघडून उभ्याने जेवशील. म्हणून गॅरेजात मावणारी घे. दर वर्षी ग्वेनकडे जायचं. आपण आता जाणार तसंच, त्याच रस्त्याने. आत्ता रस्ता पाठ होईल तुझा."

वेंडेलने समोर बघितलं.  वायपरच्या पात्यात एक गवताचं पातं अडकलेलं होतं आणि वाऱ्याने ते काचेवर टकटक करत होतं. तो ते बघत राहिला.

"ऐकतोयस का?"

"ऐकतोय."

"मग हो म्हण."

"हो," तो म्हणाला.

दुकानात परत आल्यावर लॅनीने कागद काढले, कॉफी आणली, तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. रंग कोणता, मागच्या हौद्याला झाकण हवं का, हे सगळं आर्डिसनेच सांगितलं. वेंडेल मान हलवत होता. लॅनी म्हणाला, "दोन्ही बाजूंना पायरी बसवता येते. विजेवर चालते. दार उघडलं की आपसूक खाली येते, बंद केलं की आत जाते. पण मागवावी लागेल, पंधरा दिवस..."

"नको ते," आर्डिस म्हणाली. "ह्याचे पाय लांब आहेत. आणि मी अशी कितीदा चढणार त्यात? चार वेळा? चार वेळांसाठी कशाला पायरी?"

"लाव," वेंडेल म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं. सकाळपासून तो एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईनेही मान वळवली.

"वेंडेल, अरे उगाच..."

"चार तर चार. तिच्या बाजूला लाव. माझ्या बाजूला नको." तो लॅनीकडे बघत होता, पण त्याला लॅनी दिसत नव्हता. "आणि पंधरा दिवस नाही. आम्हाला निघायचंय."

लॅनीने पेन खाली ठेवलं. तो उठला, काचेचं दार ढकलून मागच्या कारखान्यात गेला. आवारात एक तशीच काळी गाडी उभी होती, विकायला मांडलेली, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली. थोड्या वेळाने दोन मेकॅनिक ती आत घेऊन गेले. आर्डिसने काचेतून ते सगळं बघितलं.

"त्या गाडीची काढतोय तो," ती म्हणाली. "आता ती गाडी एका बाजूने लंगडी राहणार."

"राहू दे."

"कोण घेईल तशी?"

"राहू दे, आर्डिस."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो ठेवलेला त्याला दिसला. थोड्या वेळाने जाणवलाही.

पायरी बसवून होईपर्यंत दुपार कलली. लॅनीने आर्डिसला दार उघडून दाखवलं. पायरी घुर्रकन खाली आली. तिने पाय ठेवला, दांडा धरला आणि आपली आपण वर चढून बसली. मग उतरली. मग परत चढली.

"झाल्या की दोन वेळा इथंच," लॅनी म्हणाला.

"गप रे. वाटाणे खा," आर्डिस म्हणाली, आणि त्याच्या गुळगुळीत डोक्यावर तिने एक टप्पल मारली. लॅनी वळून घाईघाईने आत गेला, काहीतरी विसरल्यासारखा.

आता गाड्या दोन झाल्या होत्या. सकाळची मोटार आर्डिसची. "ती इथंच राहू दे, उद्या नेऊ," असं वेंडेल म्हणाला तर तिने किल्ली पर्समध्ये घट्ट धरली. "माझे हात अजून चालतात. तू हो पुढे. मी येते मागून."

नदी ओलांडून ते पश्चिमेला निघाले. मोठ्या रस्त्याने तासाभराचा प्रवास, मग घराकडे जाणारा खडीचा रस्ता. हमरस्त्यावर ती मागे नीट दिसत होती, आरशात मधोमध, दोन्ही हात चाकावर, चष्मा लावलेला. खडीवर वळल्यावर नव्या ट्रकच्या रुंद टायरांनी धूळ उडवली. पावसाला बरेच दिवस झाले होते. पिवळट धुळीची भिंतच्या भिंत मागे उभी राहिली, आणि आरशात ती दिसेनाशी झाली.

त्याने वेग कमी केला. धूळ कमी झाली नाही, उलट ट्रकच्या मागेच घोटाळायला लागली. त्याने डावीकडच्या आरशात बघितलं, उजवीकडच्या बघितलं. दोन्हीकडे नुसतं पिवळं. छातीत काहीतरी जोरात हललं, सकाळपासून पहिल्यांदा. त्याने रस्त्याच्या मधोमध ट्रक उभा केला, दार उघडलं आणि इंजिन तसंच चालू ठेवून खाली उतरला.

धूळ त्याच्या अंगावरून पुढे गेली. तोंडात आली, डोळ्यांत गेली. मग तिच्यातून आधी दोन दिवे आले आणि मग मोटार. ती त्याच्या शेजारी येऊन थांबली. आर्डिसने काच खाली केली.

"काय रे? बिघडली का?"

"नाही."

"मग?"

"दिसेनाशी झालीस."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या भुवया, मिशी, टोपी, सगळं पिवळं झालं होतं.

"धुळीत लांब मागे राहायचं असतं. तूच शिकवलंयस मला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"तू हो पुढे," तो म्हणाला.

तिने काच वर केली आणि कडेच्या गवतात दोन चाकं घालून, ट्रकला वळसा घेऊन पुढे गेली. तिच्या मोटारीची धूळ उडाली. वेंडेल वर चढला, दार ओढून घेतलं आणि निघाला. अशा वेळी अंतर ठेवायचं असतं, धूळ बसू द्यायची असते. त्याने अंतर ठेवलं नाही. खिडक्या उघड्याच होत्या. त्या उघड्याच ठेवून, समोरच्या दोन लाल दिव्यांवर नजर लावून, तो तिच्या धुळीतून घरापर्यंत गेला.