इसोमात्सुची पाच पावलं

त्या पत्राला वर्षभर उत्तर गेलं नाही, आणि त्याचं कारण मी होतो असं मला वाटतं. खात्री नाही. मला कुठल्याच गोष्टीची फारशी खात्री नसते. पण ज्या पुस्तकात ते पत्र खूण म्हणून अडकून पडलं होतं, त्या पुस्तकाला टेकूनच मी फडताळात उभा असायचो. त्यामुळे एवढं बोलण्याचा अधिकार मला असावा.

मित्रांनो, मी रेल्वेगाडीच्या ब्रेकचा एक जुना पितळी दांडा आहे. वीतभर लांब, किंचित वाकडा, आणि अंगठा टेकतो तिथे एक खाच पडलेला.

जपानच्या उत्तरेकडच्या एका लहानशा ओतशाळेत मी साच्यातून बाहेर आलो. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासलं, उजेडात धरून पाहिलं आणि "ठीक आहे" एवढंच म्हटलं. आयुष्यात माझं झालेलं पहिलं कौतुक ते. अजून पुरतं आहे.

तिथून मी कुरोसे मार्गावर गेलो. समुद्राकाठचा एकेरी रूळ, अकरा स्थानकं आणि एका डब्याची डिझेलगाडी. आमच्या कंपनीत प्रत्येक चालकाचा दांडा वेगळा असे. गाडी शेवटच्या स्थानकात पोचली की चालक आपला दांडा उपसून घेई, डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जाई आणि तिथे तो बसवी. ज्याच्या हातात दांडा, त्याची गाडी. मी ज्यांच्या हातात गेलो त्या ओनोदेरांचं वय तेव्हा चोवीस होतं.

दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांच्या गारठलेल्या बोटांतून मी निसटलो आणि रुळावर आपटलो. खाच पडली ती तेव्हा.

"दांडा आहे तो, मासा नाही! हातातून सुटतो कसा?" मुकादम ओरडला.

ओनोदेरांनी मला उचललं. त्यांनी खाच अंगठ्याने चाचपली, आणि पुढची सगळी वर्षं ब्रेक लावताना त्यांचा अंगठा नेमका तिथेच टेकत राहिला. सिग्नल दिसला की डाव्या हाताचं बोट त्याच्याकडे रोखून ते मोठ्याने म्हणत, "सिग्नल, हिरवा!" बोट दाखवायचं आणि तोंडाने बोलायचं, म्हणजे चूक होत नाही, असा तिथल्या सगळ्याच चालकांचा रिवाज.

आता इसोमात्सुबद्दल सांगायला हवं. हा मार्गावरचा सातवा थांबा. फलाट ठेंगणा, वर एक पत्र्याची शेड. गाडी कुठे थांबवायची याची पिवळी खूण कंपनीने खांबावर लावलेली होती. ओनोदेरा त्या खुणेवर कधीच थांबले नाहीत. ते पाच पावलं अलीकडे थांबत. कारण तिथे मासळी विकणाऱ्या ताकेआजी पाठीवर टोपली घेऊन उभ्या असत. त्यांची कंबर वाकलेली. त्यांनी फलाटाच्या कडेला मासळीचं एक लाकडी खोकं पालथं घालून ठेवलं होतं. गाडी पाच पावलं अलीकडे थांबली की मागचं दार बरोबर त्या खोक्यासमोर येई. खोक्यावर एक पाय, गाडीत दुसरा, झालं.

"आजी, ही गाडी कंपनीची आहे की तुमची?" ओनोदेरा मागे वळून विचारत.

"कंपनीची असेल तर कंपनीला म्हणावं, ये आणि उचल माझी टोपली!"

हे संभाषण मी हजारदा तरी ऐकलं असेल. कंटाळा कधी आला नाही.

मग ताकेआजी यायच्या थांबल्या. मग शाळेची मुलं कमी झाली. मग एका मार्चमध्ये मार्गच बंद झाला. ओनोदेरांनी मला शेवटचं उपसलं, रुमालाने पुसलं आणि कार्यालयातल्या टेबलावर ठेवलं. मी कंपनीचा होतो, घरी नेता आलं नसतं. त्यानंतर सहा वर्षं मी एका खणात बंद होतो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पुढे कंपनीने जुन्या सामानाची विक्री मांडली. रेल्वेवेडे लोक पहाटेपासून रांगेत होते. स्थानकांच्या पाट्या गेल्या, दिवे गेले, शिट्ट्या गेल्या. नागुमोसान रांगेत शेवटून दुसरे होते, कारण वाटेत त्यांनी चौघांना आपल्यापुढे जाऊ दिलं होतं. तोवर मी एकटाच उरलो होतो. खाच होती ना.

नागुमो, आदराने नागुमोसान, म्हणजे गावच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी मला फडताळात पुस्तकांच्या रांगेत उभं केलं. त्यांचे मित्र बांदो कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान चालवत. त्यांनी मला तारा जोडल्या आणि एका लाकडी ठोकळ्यावर बसवून संगणकाशी जुळवलं. संगणकात गाडी चालवायचा खेळ होता; गाडी खुणेवर नेमकी थांबली तर पास, नाहीतर नापास. दर रविवारी दुपारी मला फडताळातून काढत, ठोकळ्यावर बसवत, आणि मी पुन्हा ब्रेक लावू लागलो. पडद्यावरची का होईना, पण गाडी थांबत होती. मी सुखी होतो.

नागुमोसान बोट दाखवत, पण बोलताना त्यांचा आवाज फुटत नसे. "सिग्नल, हिरवा," ते पुटपुटत.

"अहो, मोठ्याने! सिग्नलला ऐकू जायला हवं!" बांदो हसत.

"शेजारी काय म्हणतील?" नागुमोसान विचारत.

"शेजाऱ्यांना तीस वर्षं कळलेलं नाही की इथे कुणी राहतं," नागुमोंच्या पत्नी शिझुए आतून म्हणत.

या खेळात नवे मार्ग बनवून जोडता येतात, आणि ते बनवणारे बहुतेक असेच घरबशे हौशी लोक. त्यांच्या मागण्या कधी संपत नाहीत. बांदोंनी तर यादीच भिंतीला लावली होती. पाऊस काचेवर नुसता पडून चालणार नाही, गाडीच्या वेगाप्रमाणे मागे ओघळला पाहिजे. बर्फात चाक घसरलं पाहिजे. बोगद्यातून बाहेर येताना क्षणभर डोळे दिपले पाहिजेत. फाटकाची घंटा जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती वाजली पाहिजे. आणि यादीत सगळ्यात वर, लाल शाईत, 'कुरोसे मार्ग'.

नागुमोसाननी तीन वर्षं खपून तो मार्ग बनवला. त्यांच्याकडे स्वतः काढलेले शेकडो फोटो होते. इसोमात्सुची पिवळी खूण त्यांनी फोटोवरून बोटभर अंतरापर्यंत अचूक मोजली. पण फलाट रंगवताना त्यांना कडेला एक पालथं खोकं दिसलं.

"हा कचरा कुणी टाकला इथे?" असं म्हणून त्यांनी ते चित्रातून पुसून टाकलं.

"असू द्या की. तुमच्या पोटात का दुखतंय?" शिझुए म्हणाल्या.

"फलाट स्वच्छ दिसायला हवा."

मित्रांनो, मी हातभर अंतरावर होतो. ओरडायला मला तोंड नाही. पण तोंड असतं तरी मी ओरडलो असतो का, कोण जाणे.

मार्ग लोकांना फार आवडला. आणि मग ते पत्र आलं. शाईने लिहिलेलं, अक्षरं मोठी मोठी आणि ओळी वर चढत गेलेल्या.

"मी ओनोदेरा. कुरोसे मार्गावर एकतीस वर्षं गाडी चालवली. मुलीने तुमचा मार्ग संगणकावर लावून दिला. समुद्र अगदी तसाच आहे, त्याबद्दल आभार. पण इसोमात्सुला मी थांबलो की तुमचा खेळ मला रोज नापास करतो. तिथे आम्ही खुणेच्या पाच पावलं अलीकडे थांबत असू. ताकेआजी तिथून चढत. डावा डोळा गेला आहे. उजवा वर्ष-दोन वर्षं साथ देईल असं डॉक्टर म्हणतात. तोवर एकदा तिथे पास व्हायची इच्छा आहे. कळ दाबून ब्रेक लावणं हाताला पटत नाही. माझ्या दांड्याला अंगठ्यापाशी खाच होती. कुठे असेल आता?"

नागुमोसाननी पत्र वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पत्र वाचलं.

"नियम म्हणजे नियम," बांदो म्हणाले. "खूण जिथे होती तिथेच आपण ठेवली. फोटो आहे. उद्या कुणीही म्हणेल आम्ही इथे थांबत होतो, तिथे थांबत होतो. म्हाताऱ्यांच्या आठवणीवर रूळ टाकायचे का?"

"खरं आहे," नागुमोसान म्हणाले. पण ते खुणेबद्दल बोलत नव्हते हे मला दिसत होतं. त्यांचा अंगठा माझ्या खाचेवर होता.

त्यांनी सात वेळा उत्तर लिहायला घेतलं. दांड्याचा उल्लेख न करता लिहिलं की खोटं वाटे, करून लिहिलं की मला परत पाठवावं लागेल असं वाटे. मग पत्र पुस्तकात गेलं, पुस्तक फडताळात गेलं, आणि मी त्याला टेकून उभा राहिलो. रविवार येत राहिले. खरं सांगायचं तर मलाही ते घर सोडायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी लोकांनी मागणी केली, कुरोसे मार्ग बर्फातला हवा. नागुमोसाननी हिवाळ्यातले जुने फोटो काढले. इसोमात्सुचा फोटो समोर आला आणि त्यांचा हात थांबला. सगळा फलाट गुडघाभर बर्फाखाली होता. कुणीतरी फावड्याने बर्फ सारून एकच चिंचोळी वाट केली होती. ती वाट शेडपासून निघून एका पालथ्या खोक्यापाशी संपत होती. पिवळ्या खुणेकडे कुणीही वाट काढलेली नव्हती.

नागुमोसाननी फोटोवर पट्टी ठेवली. खुणेपासून मागे मोजलं.

"पाच," ते म्हणाले. आणि पट्टी खाली ठेवून, "मी आजींची पायरी पुसली."

त्या आठवड्यात त्यांनी खोकं परत ठेवलं. त्याच्याशेजारी पाठीवर टोपली घेतलेली एक वाकलेली बाई उभी केली. ती असेल त्या दिवशी पाच पावलं अलीकडे थांबायचं, नसेल त्या दिवशी खुणेवर. रविवारी बांदोंनी गाडी चालवली आणि खुणेवर बरोबर, केसभरही न चुकता, थांबवली.

"बघा! हात आहे की नाही?" बांदो म्हणाले.

"आजी राहिली," शिझुए म्हणाल्या.

पडद्यावर आजी फलाटावर तशीच उभी होती. गुण शून्य. बांदोंनी कपाळाला हात लावला, मग गाडी पहिल्या स्थानकावर नेली आणि पुन्हा निघाले. चौथ्या खेपेला आजी चढली, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि पडद्याला वाकून नमस्कार केला. नंतर त्यांनी भिंतीवरच्या यादीत शेवटी लिहिलं, 'टोपलीला मासळीचा वास'.

मित्रांनो, माझी तुम्हांला एक विनंती आहे. जुन्या वस्तूवर खाच दिसली, तर ती घासून सारखी करण्याआधी विचारा की इथे कुणाचा अंगठा टेकत होता. आणि चित्रात कुठे कचरा दिसला, तर पुसण्याआधी थोडं थांबा. मी चुकतही असेन. पण एवढंच मला कळलं आहे.

"वर्ष झालं," शिझुए म्हणाल्या. "आता निदान माफी मागण्यात दोन पानं घालवू नका."

नागुमोसाननी चार ओळी लिहिल्या. "ओनोदेरासान, तुमचं बरोबर होतं. खोकं मी पुसलं होतं, ते परत ठेवलं आहे. नवा मार्ग सोबत पाठवतो. तुमचा दांडा माझ्याकडे होता, हे सांगायला मला वर्ष लागलं."

बांदोंनी मला ठोकळ्यासकट गुंडाळलं. ओनोदेरांच्या मुलीसाठी तारा कशा जोडायच्या ते चित्र काढून दिलं. नागुमोसाननी मला पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवताना खाच वरच्या बाजूला येईल असं बघितलं.

टपाल कार्यालयातल्या बाईंनी डबा उचलून पाहिला. "आत काय आहे?"

"उत्तर," नागुमोसान म्हणाले.

"जड आहे हो तुमचं उत्तर. पत्ता नीट तपासलात ना?"

 मग, डब्याच्या जाड पुठ्ठ्यातून मलाच काय, मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात नागुमोसान म्हणाले,

"पत्ता, बरोबर!"

त्यांनी बोटही दाखवलं असणार. आणि माझ्या डोक्यावर धप्पकन शिक्का बसला.