पाहुण्यांचा तीन नंबर

शनिवारी दुपारी साडेबाराला वेसेलबर्ग संघाची बस टोर्बेन लोरेन्झनच्या स्वतःच्या घरावरून गेली. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेल्या टोर्बेनने पडदा ओढला, पण तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत त्याची आठ वर्षांची मुलगी येटे उभी राहून दोन्ही हातांनी बसला टाटा करत होती. तिच्यामागे दोरीवर मोजे वाळत होते.

"लोरेन्झन, तुझे मोजे!" मागून गोलकीपर ओरडला. "ड्रायव्हरसाहेब, थांबवा जरा. ह्याला घरी सोडू, म्हणजे निदान कपडे तरी काढेल दोरीवरचे."

बसमध्ये हशा पिकला. टोर्बेनही हसला. सकाळी तो वीस किलोमीटर गाडी हाकत वेसेलबर्गला गेला होता, ते ह्या बसमध्ये बसून वीस किलोमीटर परत येण्यासाठी. संघाने एकत्रच यायचे, असा नियम होता. ओस्टरहाफेनचे मैदान त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होते.

टोर्बेन चौतीस वर्षांचा होता. डाव्या बाजूचा बचावपटू. विसाव्या वर्षी एका मोठ्या क्लबने त्याला उचलले, दोन हंगाम राखीव बाकावर बसवले आणि परत पाठवले. त्यानंतरची बारा वर्षे तो ओस्टरहाफेनकडून खेळला, त्यातली नऊ कर्णधार म्हणून. चौथ्या श्रेणीतले फुटबॉल. पगार मिळतो, पण जिल्ह्याबाहेर कोणी ओळखत नाही. मे महिन्यात नव्या क्रीडा संचालकाने त्याला कॉफीला बोलावले आणि क्लब आता तरुणांकडे बघतो आहे असे सांगितले. आणखी एक हंगाम गुडघे साथ देतील, असे टोर्बेनला वाटत होते. तसे वाटणारा दुसरा एकच क्लब निघाला, आणि तो वेसेलबर्ग होता.

ओस्टरहाफेनमध्ये पोराने जेवताना हट्ट केला की आया त्याला वेसेलबर्गला पाठवायची धमकी देतात. टोर्बेनने सही केल्याचे कळले त्या दिवशी मुख्य रस्त्यावरच्या खाटकाने दुकानातला त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. काढून का टाकला नाही, असे कोणी विचारले तेव्हा मागचा डाग दिसेल म्हणाला. जूनपासून शेजारचा डेटलेफ कुंपणावरून बोलत नव्हता.

टोर्बेनची बायको इंकेन नर्स होती. हाम्बुर्गच्या एका रुग्णालयाने तिला वॉर्डप्रमुखाची जागा देऊ केली होती. उत्तर सोमवारपर्यंत हवे होते. शुक्रवारी जेवताना तिने पुन्हा विचारले.

"शनिवारनंतर सांगतो," टोर्बेन म्हणाला.

"शनिवारी काय कळणार आहे?"

"ह्या गावात राहता येईल की नाही, ते."

इंकेनने बटाट्यांचे भांडे त्याच्याकडे सरकवले आणि विषय बदलला.

शनिवारी मैदानावर पाहुण्या संघाच्या खोलीबाहेर विल्फ्रीड हार्म्स कागद घेऊन उभा होता. हार्म्स ओस्टरहाफेनचा निवेदक. आठवडाभर तो गावाला गाडी चालवायला शिकवायचा आणि शनिवारी ध्वनिक्षेपकावर बोलायचा. टोर्बेनचे लायसन्स त्याच्याच हाताखाली तिसऱ्या खेपेस निघाले होते. सामन्याआधी पाहुण्या संघाकडे जाऊन अवघड नावांचे उच्चार विचारून घ्यायचे, ही त्याची शिस्त होती.

"हा पोलिश पोरगा कसा म्हणायचा?" त्याने विचारले. टोर्बेनने सांगितले. हार्म्सने पेन्सिलीने खूण केली आणि पुढे बोट ठेवले. "आणि हा? तीन नंबर?"

"मास्तर, पुरे."

"विचारायला नको? नंतर तक्रार येते."

"कसं वाचणार आहात?"

हार्म्सने चष्मा कपाळावर सरकवला. "पाहुण्यांचं वाचतात तसं. पूर्ण नाव, सपाट आवाजात. संचालक साहेबांचा निरोप आलाय, सोहळा नको म्हणून. फुलांचा गुच्छही रद्द केलाय. हुर्योच्या शिट्ट्या झाल्या तर फोटो वाईट येतो म्हणे."

"बरोबर आहे त्यांचं."

"मी भरभर वाचतो. बिअरच्या रांगेत असतात सगळे त्या वेळी. लक्षात यायच्या आत चार नंबरवर गेलेलो असेन." तो थांबला. "तुझी आई आलीये? गेशे?"

"आपल्या जागेवर. ओस्टरहाफेनचा मफलर घालून. सकाळी फोन केला होता तिनं. म्हणाली, नीट खेळ, पण जिंकू नकोस."

"शहाणी बाई," हार्म्स म्हणाला आणि जिना चढून निवेदकाच्या खोलीकडे गेला.

मैदानाची एक रीत होती, आणि आसपासच्या सगळ्याच मैदानांवर ती आहे. घरच्या खेळाडूंची यादी वाचताना निवेदकाने नंबर आणि पहिले नाव म्हणायचे आणि थांबायचे. आडनाव प्रेक्षकांनी म्हणायचे. पाहुण्यांना हा मान नसतो. त्यांची यादी आधी वाचून टाकतात, रेल्वेच्या वेळापत्रकासारखी.

सराव संपत आला होता. दोनेक हजार माणसे असतील. समुद्राकडून वारा येत होता आणि पूर्वेच्या, उभ्याने बघायच्या स्टँडमधले ढोलवाले अजून नुसतेच ठोकून बघत होते. टोर्बेन बाजूच्या रेषेजवळ एका पायावर उभा राहून मांडी ताणत होता. तो वर बघत नव्हता. बसलेल्या प्रेक्षकांतून कोणी तरी ओरडले, "काय रे, तिकडं पाणी गोड आहे का?" आणि दोघेचौघे हसले. त्याने पाय बदलला.

ध्वनिक्षेपक खरखरला. हार्म्सने पाहुण्यांचे स्वागत केले, तेही सपाट आवाजात. एक नंबर, पूर्ण नाव. दोन नंबर, पूर्ण नाव. तो पोलिश पोरगा. उच्चार बरोबर होता.

"तीन नंबर. टोर्बेन..."

आणि हार्म्स थांबला.

किती वेळ, यावर नंतर वाद झाला. श्वास घेण्याइतका, एवढे नक्की. तेवढ्यात मैदानाने उत्तर दिले.

"लोरेन्झन!"

ढोलवाल्यांनी, बिअरच्या रांगेतल्यांनी, खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनी, बारा वर्षे जसे म्हणत आले तसे, शेवटचा 'न' दाबून, एका घशाने म्हटले. कोणाला विचार करायला सवडच मिळाली नाही. मग सगळ्यांना एकदम कळले की आपण काय केले. मैदान गप्प झाले. रांगेतला एक माणूस हातातल्या पेल्याकडे बघू लागला. कुठे तरी हसू फुटले, ते पसरले, आणि ते विरायच्या आत पूर्वेच्या स्टँडने भानावर येऊन जोरात शिट्ट्या सुरू केल्या.

"चार नंबर," हार्म्स म्हणाला आणि पुढे वाचत गेला.

टोर्बेनचा पाय अजून हातातच होता. गोलकीपर त्याच्या शेजारून जाताना म्हणाला, "हे काय होतं रे?" टोर्बेनने पाय खाली ठेवला, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

सामना १-१ असा बरोबरीत सुटला. चेंडू टोर्बेनकडे आला की शिट्ट्या होत होत्या, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, एकदाही न चुकता. उत्तरार्धात त्याने ओस्टरहाफेनचा एक नक्की गोल रेषेवरून बाहेर काढला तेव्हा त्या सर्वांत मोठ्या होत्या. सामन्यानंतर तो हात उंचावायला कोणत्याच स्टँडकडे गेला नाही. बसमध्ये बसून वेसेलबर्गला गेला, तिथून स्वतःची गाडी काढली आणि घरी आला.

क्रीडा संचालकाने संध्याकाळीच हार्म्सला गाठले. मुद्दाम केले का, असे त्याने सरळ विचारले.

"साहेब, बारा वर्षं त्या जागी ब्रेक दाबलाय," हार्म्स म्हणाला. "पाय आपोआप गेला."

क्लबने संकेतस्थळावर तांत्रिक बिघाड झाल्याचे दोन ओळींत कळवले. बिघाड कशात, ते लिहिले नाही.

रविवारी दुपारी गेशे लोरेन्झनने मुलाला आणि सुनेला जेवायला बोलावले होते. ती एकाहत्तर वर्षांची. आल्याआल्या तिने टोर्बेनच्या हातात सुरी आणि बटाट्यांची पाटी दिली. स्वतः ती शेगडीवर धुरी दिलेले सॉसेज परतत होती. येटे बाहेर मांजराच्या मागे होती. इंकेन ताटल्या पुसत होती.

"साल जाड काढतोयस," गेशे न वळता म्हणाली.

टोर्बेनने सुरी आडवी धरली. दोन बटाटे झाले. मग तो म्हणाला, "नाव घेतलं काल लोकांनी."

"ऐकलं मी."

"सवयीनं घेतलं."

"मग? मी तुला टोर्बेन म्हणते ते काय रोज ठरवून म्हणते?"

तिसरा बटाटा सोलता सोलता तो म्हणाला, "शिट्ट्या मात्र सवयीच्या नव्हत्या. नव्वद मिनिटं, आई. म्हातारीकोतारी माणसंसुद्धा. आपल्या स्टँडमधूनही येत होत्या."

इंकेनने ताटली पुसायची थांबवली आणि सासूकडे पाहिले. गेशेने सॉसेज उलटले.

"त्यातली एक अगदी जवळून येत होती," इंकेन म्हणाली. "माझ्या उजव्या कानात. अजून वाजतोय तो कान."

टोर्बेनने मान वर केली. "आई?"

"काय आई?"

"तू शिट्टी मारलीस? मला?"

"दोन बोटं घालून," इंकेन म्हणाली. "मला माहीतच नव्हतं ह्यांना येते."

"तुझ्या वडिलांनी शिकवली होती." गेशेने शेगडी बारीक केली आणि हात पुसत वळली. "तू पाहुण्यांकडून खेळतोस. चेंडू तुझ्याकडे आला म्हणजे आमचं नुकसान. शिट्टी नाही मारायची तर काय, फुलं उधळायची? आणि तो गोल तू बाहेर काढलास. काय गरज होती?"

"नाव घेतलं तेव्हा तूही..."

"घेतलं ना."

"मग?"

"मग काय मग? तेव्हा चेंडू कुठं होता तुझ्याकडे?"

टोर्बेन तिच्याकडे बघत राहिला. सुरीच्या टोकावर सालीची लांब पट्टी लोंबत होती. ती पाटीत पडली तशी तो हसायला लागला, आधी नाकातून, मग खांदे हलवत. इंकेनलाही हसू आवरेना. गेशे त्यांना हसू देऊन परत शेगडीकडे वळली. हाम्बुर्गचे तिला माहीत होते. त्याबद्दल तिने काहीच विचारले नाही. फक्त जेवताना येटेच्या पानात दुसऱ्यांदा वाढताना तिचा हात जरासा रेंगाळला.

सोमवारी सकाळी इंकेनने हाम्बुर्गला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारून थेट मुद्द्याला हात घातला. इंकेनने फोनवर तळवा ठेवला.

"काय सांगू?"

टोर्बेन दारात उभा होता, जॅकेटची एक बाही घालून. डेटलेफच्या बागेतून फांद्या छाटण्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"विचार," तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत चालेल का."

"शुक्रवारी काय आहे?"

"काही नाही."

त्याने दुसरी बाही घातली आणि जिना उतरून गेला. इंकेनने विचारले. बाईंनी जरा कुरकुर केली, पण चालेल म्हणाल्या.

आज बुधवार आहे.